मैफलीच्या आधी हात का थरथरतात?

१९०१ सालची गोष्ट. पाब्लो कसाल्स हा स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतातला ऐन पंचविशीतला वादक अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला होता. त्याचे वाद्य चेलो, म्हणजे व्हायोलिनच्याच कुळातले, पण खुर्चीवर बसून दोन गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचे मोठे वाद्य. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या टॅमलपाइस डोंगरावर तो मित्रांबरोबर फिरायला गेला असता वरून एक धोंडा घरंगळत आला आणि त्याच्या डाव्या हातावर आदळला. बोटे चेचली. चेलोवादकाचा डावा हात म्हणजे तारा दाबून स्वर काढणारा हात! अशा वेळी त्याच्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? कसाल्सने पुढे आपल्या आठवणींत प्रांजळपणे सांगितले आहे की, आता पुन्हा कधी चेलो वाजवावा लागणार नाही, या कल्पनेने त्याला सुटल्यासारखे वाटले. त्याने देवाचे आभारच मानले.

याचे कारण श्रोत्यांसमोर बसण्याची धास्ती. हात काही महिन्यांत बरा झाला. कसाल्स पुढे विसाव्या शतकातला थोर चेलोवादक म्हणून जगभर गाजला आणि १९७३ साली वयाच्या ९६ व्या वर्षी वारला. परंतु कार्यक्रमाआधीची ती धास्ती त्याला आयुष्यभर सोडून गेली नाही. पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झ याची कथाही अशीच. कीर्तीच्या शिखरावर असताना १९५३ साली त्याने जाहीर वादन थांबवले, ते १९६५ पर्यंत. बारा वर्षे! अमेरिकेतील वाद्यवृंदांच्या वादकांची १९८७ साली एक मोठी पाहणी झाली. सुमारे २,२०० व्यावसायिक वादकांनी उत्तरे पाठवली. त्यांतल्या २४ टक्के लोकांनी 'सभाभीतीचा आम्हाला त्रास होतो' असे लिहिले. ही सारी पोटासाठी रोज वाजवणारी माणसे होती, हे ध्यानात घ्या.

हे सगळे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की, आपल्याकडे दर वर्षी स्नेहसंमेलनानंतर काही मुले गाणे किंवा पेटी-तबला सोडून देतात. घरी उत्तम गाणारी मुलगी व्यासपीठावर जाते, घसा कोरडा पडतो, सूर चढतो, दुसऱ्या ओळीचे शब्द आठवत नाहीत. आणि खाली उतरल्यावर ती स्वतःशी ठरवून टाकते की, 'माझ्यात ते नाहीच.' हा निष्कर्ष चुकीचा आहे. प्रयोगात एखादे वाचन विचित्र आले म्हणजे सिद्धान्त खोटा ठरत नाही. आधी उपकरण तपासावे लागते. येथे उपकरण म्हणजे आपले शरीर. ते व्यासपीठावर काय करते, ते पाहू या.

न खेळताच रक्तात साखर

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक लहानशी ग्रंथी बसलेली असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. धोक्याची चाहूल लागली की मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत तिला निरोप जातो आणि ती अ‍ॅड्रिनॅलिन हे द्रव्य रक्तात सोडते. त्यासरशी हृदय जोरात धडधडू लागते, श्वास जलद होतो, यकृतातली साखर रक्तात येते. कातडीतल्या आणि आतड्यांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि ते रक्त मोठ्या स्नायूंकडे वळवले जाते. लाळ आटते, तळहातांना घाम सुटतो. पळायचे असो की झुंजायचे असो, ही तयारी फार उपयोगाची! आपल्या पूर्वजांचे प्राण तिने किती वेळा वाचवले असतील, कोण जाणे. पेटीवर बोटे फिरवायची असतील, तर मात्र गार पडलेली ओलसर बोटे काय कामाची?

या तयारीचा सखोल अभ्यास अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी केला. त्यांचे एक निरीक्षण मोठे मौजेचे आहे. १९१३ साली विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा हंगामातला शेवटचा, अटीतटीचा सामना झाला. तो संपताच संघातील २५ जणांची लघवी तपासण्यात आली. १२ जणांच्या लघवीत साखर सापडली. रक्तात साखरेचा लोंढा आल्याची ती खूण. पण त्या १२ जणांपैकी ५ जण राखीव खेळाडू होते. ते मैदानात उतरलेच नव्हते! बाकावर बसल्या बसल्या त्यांच्या शरीराने सगळा दारूगोळा बाहेर काढून ठेवला होता.

पुढच्या रांगेत बसलेले परीक्षक काही वाघ नव्हेत, हे आपल्याला कळते. अधिवृक्क ग्रंथीला ते कळत नाही. चार लोकांसमोर फजिती होण्याची शक्यता आणि जिवावरचा धोका, या दोहोंना ती जवळजवळ एकच उत्तर देते.

कंप सर्वांच्याच हातात असतो

आता एक सोपा प्रयोग करा. हात समोर ताठ धरा, पंजा उताणा न ठेवता पालथा ठेवा आणि त्यावर वहीचा एक सुटा कागद पसरा. कागदाच्या कडा थरथरताना दिसतील. तुम्ही मुळीच घाबरलेले नसलात तरीही! निरोगी माणसाच्या हाताला सेकंदाला सुमारे ८ ते १२ वेळा असा बारीक कंप सतत असतो. एरवी तो इतका लहान असतो की लक्षात येत नाही. अ‍ॅड्रिनॅलिन स्नायूंवर काम करू लागले की याच कंपाचा विस्तार वाढतो. नवे काही निर्माण होत नाही, असलेलेच मोठे होते. आमच्या प्रयोगशाळेत तोंडी परीक्षेच्या दिवशी व्हर्नियर कॅलिपर्सचे जबडे काही विद्यार्थ्यांच्या हातात टकटक वाजत असतात. तो हाच कंप.

व्हायोलिनवर याचा परिणाम कसा होतो, ते पाहण्यासारखे आहे. गजाच्या केसांना राळ लावलेली असते. गज फिरू लागला की तार केसांना चिकटून त्यांच्याबरोबर ओढली जाते, ताण असह्य होताच सुटून मागे येते, पुन्हा चिकटते. स्वर सेकंदाला २४० कंपनांचा असेल, तर हे चिकटणे-सुटणे सेकंदाला २४० वेळा घडते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने एकोणिसाव्या शतकात ही गती उलगडून दाखवली. गजाचा दाब एका मर्यादेपेक्षा कमी झाला, तर तार नीट चिकटत नाही आणि स्वर फुटतो. फार वाढला तर करकर ऐकू येते. या दोन मर्यादांच्या मध्येच स्वच्छ स्वराची जागा.

समजा, एक वादक जोरकस स्वर काढताना तारेवर १०० ग्रॅम वजनाइतका दाब देतो आणि हाताच्या कंपामुळे या दाबात १० ग्रॅमची चढउतार होते. ही चढउतार झाली १० टक्के. कान ती सहज माफ करतो. आता तोच वादक अगदी हळुवार, लांबलचक स्वर काढू लागला आणि दाब २० ग्रॅमवर आणला. कंप तेवढाच, १० ग्रॅमचा. पण आता ती चढउतार ५० टक्के झाली! दाब क्षणोक्षणी खालच्या मर्यादेपलीकडे जाणार आणि स्वर तुटणार. म्हणूनच घाबरलेल्या वादकाचे जलद, जोरकस तुकडे बरे जातात आणि सोपा म्हणून ठेवलेला संथ, मंद भाग ऐन वेळी दगा देतो. बासरीवाल्याचा लांब मंद स्वर, गायकाचा हलका आकार, सगळीकडे हेच गणित. यातून एक व्यवहारी सूचना निघते. स्पर्धेत पहिली दोन मिनिटे अशी निवडा की जिथे चुकायला थोडी जागा आहे.

गळ्याचे गणित थोडे वेगळे. आपल्या स्वरयंत्रातील स्वरतंतू ढोबळमानाने ताणलेल्या तारेसारखे वागतात. ताणलेल्या तारेची कंप्रता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, हे तुम्ही शिकला असाल किंवा लवकरच शिकाल. संगीताच्या पुस्तकांत उदाहरणादाखल षड्जाची कंप्रता २४० धरतात. धास्तीने गळ्याचे स्नायू आवळले आणि तंतूंवरचा ताण फक्त अडीच टक्के वाढला असे समजा. १.०२५ चे वर्गमूळ सुमारे १.०१२५. म्हणजे २४० चे झाले २४३. आपल्या संगीतशास्त्रात ८१ भागिले ८० या गुणोत्तराला प्रमाणश्रुती म्हणतात. २४० गुणिले ८१ भागिले ८० किती होतात? बरोबर २४३! अडीच टक्के ताण वाढला आणि गायक एक पूर्ण श्रुती वर गेला. मागे तंबोरा २४० वर बोलतो आहे, त्यामुळे सेकंदाला तीन ठोके पडतात आणि सभागृहातल्या जाणत्या कानाला ते खुपतात. शिवाय घाबरल्यावर श्वासाचा दाबही वाढतो आणि तोही स्वर वरच ढकलतो. 'सूर चढला' असे आपण म्हणतो, त्यामागे एवढे सगळे असते.

माइक का किंचाळतो?

इथपर्यंतचे शरीरशास्त्र ठीक. पण मग सगळेच कलावंत कोसळत का नाहीत? अ‍ॅड्रिनॅलिन तर सर्वांनाच सुटते. माझ्या मते या कोड्याची किल्ली शाळेच्या ध्वनिवर्धक यंत्रणेत आहे.

संमेलनात माइक कर्ण्याच्या समोर आला की एकाएकी कर्कश शिट्टी वाजते आणि सगळे कानांवर हात ठेवतात. काय होते? माइकने एक बारीकसा आवाज टिपला, वर्धकाने तो मोठा केला, कर्ण्यातून तो बाहेर पडला आणि त्याचा काही भाग पुन्हा माइकमध्ये शिरला. परत आलेला आवाज मूळ आवाजाच्या १.१ पट असेल तर? दहा फेऱ्यांनंतर तो २.६ पट होईल, वीस फेऱ्यांनंतर ६.७ पट, पन्नास फेऱ्यांनंतर ११७ पट. एका सेकंदात अशा कितीतरी फेऱ्या होतात, म्हणून शिट्टी. आता माइक जरासा बाजूला वळवला आणि तो आकडा १.१ ऐवजी ०.९ झाला. दहा फेऱ्यांनंतर मूळ आवाजाच्या जेमतेम ०.३५ पट उरते, वीस फेऱ्यांनंतर ०.१२ पट. शिट्टी बंद! माइक चालूच आहे, कर्णाही चालू आहे. बदल झाला तो फक्त १.१ आणि ०.९ यांच्यामधला.

सभाभीतीचे चक्र असेच आहे. हात थरथरतो. ते आपल्या लक्षात येते. 'आता सर्वांना दिसत असणार' हा विचार येतो. हा विचार म्हणजे नवा धोका, ग्रंथीला पुन्हा निरोप, आणखी अ‍ॅड्रिनॅलिन, आणखी थरथर. प्रत्येक फेरीचा गुणक एकाहून मोठा असेल, तर दोन मिनिटांत किंचाळी. तो एकाहून लहान असेल, तर पहिली थरथर आपोआप विरून जाते. रक्तातल्या अ‍ॅड्रिनॅलिनचे अर्धायुष्य अवघे दोन-तीन मिनिटांचे आहे. किरणोत्सारी पदार्थासारखेच समजा: नवा पुरवठा झाला नाही, तर दोन-तीन मिनिटांत निम्मे, आणखी तेवढ्याच वेळात पाव. कार्यक्रमाची पहिली काही मिनिटे सर्वांत वाईट का वाटतात आणि नंतर 'गाडी रुळावर' का येते, त्याचे हे एक कारण.

तेव्हा भीती समूळ घालवण्याच्या मागे लागण्याची गरजच नाही. कसाल्सची तरी कुठे गेली? चक्राचा गुणक एकाच्या खाली आणला की पुरे, आणि तो कुठूनही खाली आणता येतो.

१९७७ साली लंडनमध्ये झालेल्या एका प्रयोगाने हे चांगले दाखवून दिले. अ‍ॅड्रिनॅलिनचा संदेश हृदयापर्यंत आणि स्नायूंपर्यंत पोचू न देणारी काही औषधे आहेत. मुळात ती हृदयविकारासाठी व रक्तदाबासाठी वापरात आली, आणि या प्रकारच्या औषधाचा शोध लावणारे जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. लंडनच्या डॉक्टरांनी तंतुवाद्ये वाजवणाऱ्या २४ वादकांना एका वेळी असे औषध आणि एका वेळी त्यासारखीच दिसणारी निरुपद्रवी गोळी दिली. कोणती गोळी केव्हा, हे वादकांना ठाऊक नव्हते आणि परीक्षकांनाही नव्हते. औषध घेतल्यावर वादन सुधारलेले आढळले. ज्यांना त्रास जास्त, त्यांच्यात सुधारणा जास्त, आणि पहिल्या खेपेच्या वादनात ती अधिक ठळक. औषधाने कोणाला नवी कला शिकवली नव्हती. शरीराकडून येणारी प्रतिध्वनीची वाट तेवढी अडवली होती. 'सगळे मनाचे खेळ आहेत, मन घट्ट कर' असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा.

मात्र याचा अर्थ गोळ्या घ्याव्यात असा मुळीच नव्हे. दमेकऱ्याला अशी गोळी फार धोक्याची ठरू शकते. घरातल्या मोठ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांना हात लावायचा नाही, हे निक्षून सांगतो. ज्याला या भीतीने झोप येत नाही, शाळा चुकवावीशी वाटते, त्याने पालकांना सांगून डॉक्टरांकडे जावे, त्यात कमीपणा नाही. बाकीच्यांसाठी बिनऔषधी वाटा पुष्कळ आहेत.

श्वासाचा झोका

मनगटावरची नाडी बोटांनी पकडा. सावकाश श्वास घ्या, सावकाश सोडा. श्वास घेताना नाडी किंचित जलद आणि सोडताना किंचित संथ झालेली जाणवेल. तुमच्या वयात हा फरक चांगला स्पष्ट असतो. श्वास सोडताना हृदयाला लगाम घालणारी मज्जा जोर धरते, म्हणून असे होते. हृदयाच्या गतीवर आपला थेट हुकूम चालत नाही. श्वासावर चालतो, आणि श्वासाच्या मागच्या दाराने हृदयाला हात लावता येतो.

येथे भौतिकशास्त्रातला एक सुंदर भाग येतो: अनुनाद. रक्ताचा दाब वाढला की शरीर हृदय मंदावते, दाब उतरला की जलद करते. पण या दुरुस्तीला थोडा उशीर लागतो, त्यामुळे ही यंत्रणा झोक्यासारखी स्वतःच्या तालात डोलू शकते. या डोलण्याचा आवर्तकाल सुमारे दहा सेकंद असतो. झोक्याला त्याच्याच तालात धक्के दिले की झोका उंच जातो, हे सर्वांना माहीत आहे. मिनिटाला सुमारे सहा श्वास घेतले, म्हणजे चार सेकंद आत आणि सहा सेकंद बाहेर, तर श्वासाचा ताल या झोक्याच्या तालाशी जुळतो आणि हृदयाचा लगाम जास्तीत जास्त कामाला लागतो. प्रत्येकाचा नेमका ताल थोडा निराळा. कोणाचा पाच, कोणाचा साडेसहा. ऑस्ट्रेलियात ४६ संगीतकारांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा संथ श्वसनाच्या अर्ध्या तासाच्या एकाच शिकवणीचाही उपयोग दिसला; मुळात ज्यांची धास्ती जास्त होती, त्यांची ती कमी झाली.

पडद्यामागे उभे राहून भराभर मोठमोठे श्वास घेणे मात्र टाळा. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात आणि मन म्हणते, 'बघ, आता तर चक्करच येते आहे!' चक्राला आणखी एक फेरी मिळते.

लक्ष कुठे ठेवावे?

चक्र तोडण्याची दुसरी जागा म्हणजे 'लक्षात येणे.' जी गोष्ट हातात पूर्ण बसली आहे, तिच्याकडे मुद्दाम पाहू लागलो की ती बिघडते. जिना उतरताना 'आता उजवा पाय, आता डावा' असे म्हणून पाहा, अडखळायला होईल. व्यासपीठावर घाबरलेला वादक नेमके हेच करतो; आपल्या बोटांवर पहारा बसवतो. २०११ साली अमेरिकेत संगीताच्या १६ विद्यार्थ्यांकडून कळपाटीवर एक छोटा तुकडा वाजवून घेण्यात आला. एकदा लक्ष बोटांवर, एकदा पट्ट्यांवर, एकदा पियानोच्या आतल्या हातोड्यांवर आणि एकदा निघणाऱ्या आवाजावर. लक्ष हातोड्यांवर किंवा आवाजावर, म्हणजे बोटांपासून दूर असताना वादन अधिक सारखे उतरले.

आपल्या संगीताला यासाठी नवे काही शोधायला नको. तंबोरा आहेच. त्याच्या जवारीतून निघणारा गंधार ऐकण्याचा प्रयत्न करा. तो ऐकू येण्यासाठी इतके लक्ष द्यावे लागते की पहिल्या रांगेतले चेहरे पुसट होतात. गवई मैफलीच्या सुरुवातीला तंबोरे जुळवण्यात इतका वेळ का घालवतात, अशी तक्रार करणारे लोक असतात. मला तर वाटते, तंबोऱ्याबरोबर गवईही जुळत असतो.

धडधडीला काय नाव द्यायचे, तेही आपल्याच हाती असते. हार्वर्ड विद्यापीठातील अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांचा २०१४ सालचा प्रयोग पाहा. अनोळखी लोकांसमोर माणसांना गाणे म्हणायला लावले आणि स्वर व लय किती जुळते, हे यंत्राने मोजले. गाण्याआधी काहींनी 'मला उत्साह वाटतो आहे' असे मोठ्याने म्हणायचे, काहींनी 'मला धास्ती वाटते आहे' असे म्हणायचे, काहींनी काहीच नाही. पहिल्या गटाचा अचूकपणा सुमारे ८१ टक्के भरला, गप्प राहिलेल्यांचा ६९ आणि धास्ती बोलून दाखवणाऱ्यांचा ५३. नाडी मात्र सर्वांचीच जोरात चालू होती! उत्साह आणि धास्ती, दोन्हींत शरीर जवळजवळ सारखेच असते. म्हणून एकीकडून दुसरीकडे जाणे त्यातल्या त्यात सोपे. शिक्षक मंडळींनी 'घाबरू नकोस, शांत हो' असे सांगण्यापेक्षा 'तयार झालास वाटतं! मग होऊ दे सुरू' असे म्हणून पाहावे.

श्रोते काय करतात?

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. समोर कोणी पाहत असले की आपण सुधारतो की बिघडतो? रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली याचे उत्तर असे मांडले: प्रेक्षकांमुळे जे अंगवळणी पडले आहे, ते अधिक जोराने बाहेर येते. त्याने १९६९ साली चक्क झुरळांवर प्रयोग केला, आणि पारदर्शक पेट्यांत प्रेक्षक म्हणूनही झुरळेच बसवली! सरळ वाटेवर झुरळे प्रेक्षकांसमोर अधिक चपळ धावली, वळणाच्या वाटेवर रेंगाळली. हा प्रयोग पुस्तकांत फार गाजला. पण २०२० साली जर्मनीत तो पुन्हा केला गेला, तेव्हा सरळ वाटेवरची ती चपळाई आढळली नाही. तेव्हा झुरळांवर फार भिस्त ठेवू नये. माणसांचे एक निरीक्षण मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९८२ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठात बिलियर्ड्ससारखा पूल हा खेळ खेळणाऱ्यांकडे आधी गुपचूप आणि मग चौघांनी जवळ उभे राहून पाहिले. चांगल्या खेळाडूंचे यशस्वी फटके ७१ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले. कच्च्या खेळाडूंचे ३६ वरून २५ वर घसरले. खेळाडू थोडे होते, हे खरे. पण दिशा स्पष्ट आहे.

म्हणजे घरी दहांतून सात वेळा जमणारी तान व्यासपीठावर आपोआप दहांतून दहा वेळा जमणार नाही. ती चुकण्याची जी सवय तीन वेळा होती, तीही जोर करू शकते. गळ्यावर पुरती चढलेली चीजच व्यासपीठावर न्यावी आणि नवी, अवघड हरकत पुढच्या वर्षासाठी ठेवावी. रियाज करतानाही नुसते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणत राहू नये. अंतऱ्यापासून सुरू करा, मधल्याच ओळीपासून उचला, म्हणजे मध्ये कुठे तुटले तरी धरायला जागा राहते. आत येणे, बसणे, पेटीवर षड्ज घेणे, पहिली ओळ उचलणे, एवढ्याच भागाची वेगळी दहा वेळा तालीम करा. कारण अ‍ॅड्रिनॅलिनचा भर त्या दोन मिनिटांतच असतो.

आणि तालीम धडधडत्या छातीने करा. दोन मजले धावत चढून जा आणि दम पुरता बसण्याआधी षड्ज लावा. भीतीची धडधड आणि जिन्याची धडधड सारखी नाही, पण श्वास आखूड असताना स्वर कसा धरायचा, हे शरीर शिकते. नेदरलँड्समध्ये बाण फेकण्याच्या खेळावर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सौम्य धास्तीत सराव केलेले लोक मोठ्या धास्तीतही टिकले. निवांतपणे सराव केलेले मात्र घसरले. शाळेत हे सहज करता येईल. आधी पाच मैत्रिणींसमोर, मग आपल्या वर्गासमोर, मग शेजारच्या वर्गासमोर, आणि मग संमेलनात. एकदम हजार लोकांपुढे नेऊन उभे करणे म्हणजे पोहायला शिकवण्यासाठी विहिरीत ढकलणे. काही जण तसेच पोहायला शिकतात. पुष्कळ जण पुन्हा पाण्याजवळ जात नाहीत.

शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून करण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. हल्ली मोबाइल फोनवर स्वराची कंप्रता दाखवणारी अ‍ॅप फुकट मिळतात. तंबोऱ्याशी जुळवून षड्ज लावा आणि दहा सेकंद धरा. एकदा एकटे असताना, एकदा जिना चढून आल्यावर, एकदा संपूर्ण वर्गासमोर. प्रत्येक वेळी नाडीचे मिनिटाचे ठोके, षड्जाची कंप्रता आणि ती दहा सेकंदांत किती हलली, असे तीन रकाने भरा. नंतर दोन मिनिटे चार-सहाच्या तालात श्वास घेऊन चौथ्यांदा मोजा. निदान दहा जणांची वाचने घ्या, आठवड्यानंतर तोच प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही वेळचे आकडे एकाच आलेखावर काढा. वर्गात कोणी तबला वाजवणारा असेल, तर त्याच्या ठेक्याच्या पहिल्या आणि शेवटच्या आवर्तनाला लागलेला वेळही मोजा. लय चढते म्हणतात ती किती टक्के चढते, हेही कळेल.